नगराची शिस्त, घराचा हप्ता

नदीला पूर आला की पाणी आजूबाजूच्या ज्या सपाट जमिनीवर पसरते, ती जमीन म्हणजे नदीचे पूरमैदान. वर्षातले बहुतेक दिवस ही जमीन कोरडी, सुपीक आणि बांधकामाला सोयीची असते. त्यामुळे जगभर वस्त्या तिच्यावरच वाढल्या. अमेरिकेत अशा ठिकाणी राहणाऱ्या घरमालकांना पुराचा वेगळा विमा घ्यावा लागतो, कारण तिथल्या नेहमीच्या घरविम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते. घर पाण्यापासून किती दूर आहे, किती उंचावर आहे आणि ते पुन्हा बांधायला किती खर्च येईल, यांवर या विम्याचा हप्ता ठरतो. हप्त्यावर परिणाम करणारी आणखी एक गोष्ट आहे आणि ती एकट्या घरमालकाच्या हातात नसते. ते घर ज्या नगराच्या हद्दीत आहे त्या नगराने आपले पूरमैदान कसे सांभाळले आहे, हेही पाहिले जाते. नगराचे काम चांगले असेल तर हद्दीतल्या सरकारी पूरविम्याच्या हप्त्यांवर ५ टक्क्यांपासून ४५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. १९९० साली सुरू झालेल्या या योजनेचे नाव कम्युनिटी रेटिंग सिस्टम, थोडक्यात सीआरएस.

विमा सरकारकडे कसा आला

१९२७ साली मिसिसिपी नदीला आलेल्या महापुरानंतर अमेरिकेतल्या खासगी कंपन्यांनी पुराचा विमा देणे जवळजवळ थांबवले. त्यामागे विम्याचे साधे गणित होते. आगीचा विमा उतरवलेल्या असंख्य घरांपैकी मोजकीच घरे एखाद्या वर्षी जळतात आणि बाकीच्यांच्या हप्त्यांतून त्यांची भरपाई निघते. पूर मात्र एका रात्रीत अख्खी वस्ती बुडवतो. शिवाय पुराचा विमा मागायला नदीकाठचीच माणसे येतात, टेकडीवरच्या घरमालकाला तो नको असतो. धोका वाटून घ्यायला कोणी नसेल तर हप्ता परवडेनासा होतो.

त्यानंतरची काही दशके सरकारचा सारा भर धरणांवर आणि नदीकाठच्या बांधांवर होता. भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात या धोरणाची अपुरी बाजू दाखवली. पाणी अडवणे हा अनेक उपायांपैकी एक उपाय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जमिनीचा वापर, बांधकामाची पद्धत, पुराची सूचना आणि विमा हेही उपाय आहेत आणि सगळ्यांचा एकत्र विचार झाला पाहिजे, अशी मांडणी त्यांनी केली. बांध उभा राहिला की त्याच्या आड लोक निर्धास्त होऊन आणखी बांधकाम करतात आणि बांध फुटला की पूर्वीपेक्षा मोठी हानी होते, हा अनुभव पुढे अनेक नद्यांवर आला.

१९६५ साली बेट्सी या चक्रीवादळाने लुइझियाना राज्यात एक अब्ज डॉलरहून अधिक नुकसान केले. त्यानंतर नेमलेल्या अभ्यासगटाचे अध्यक्षपद व्हाइट यांच्याकडे होते. त्या गटाने १९६६ साली दिलेल्या अहवालात एक इशारा होता: जमिनीच्या वापरावर बंधन न घालता स्वस्त पूरविमा दिला, तर लोक धोक्याच्या जागी आणखी घरे बांधतील. १९६८ साली संसदेने राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रमाचा कायदा केला तेव्हा ही सूचना त्याच्या गाभ्याशी आली. हा कार्यक्रम आता ‘फेमा’ ही संघराज्याची आपत्ती व्यवस्थापन संस्था चालवते.

कायद्यातली देवाणघेवाण सरळ आहे. नगर किंवा काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) पूरमैदानातल्या बांधकामासाठी नियम करते आणि ते पाळून घेते, त्या बदल्यात तिथल्या रहिवाशांना सरकारी पूरविमा मिळतो. नियम न करणाऱ्या नगरातल्या रहिवाशांना हा विमा घेताच येत नाही. १९७२ साली अ‍ॅग्नेस वादळाने पूर्व किनाऱ्यावर हाहाकार केला, तेव्हा फारच थोड्या घरांचा विमा असल्याचे दिसून आले. १९७३ च्या कायद्याने मग सक्ती आली. जास्त धोक्याच्या पट्ट्यातल्या घरावर सरकारी नियंत्रणाखालच्या बँकेचे कर्ज असेल तर पूरविमा बंधनकारक झाला. आज बावीस हजारांहून अधिक नगरे आणि काउंट्या या कार्यक्रमात आहेत. राहत्या घराच्या इमारतीसाठी अडीच लाख डॉलरपर्यंत आणि घरातल्या सामानासाठी एक लाख डॉलरपर्यंत संरक्षण मिळते.

नकाशा आणि किमान नियम

सगळ्या व्यवस्थेचा पाया म्हणजे फेमाने तयार केलेले पूरधोक्याचे नकाशे. कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का आहे अशा पुराची हद्द त्यांवर आखलेली असते आणि तिच्या आतला भाग म्हणजे जास्त धोक्याचा पट्टा. बोलण्यात या पुराला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणतात. महाराष्ट्रात नद्यांच्या काठी आखली जाणारी लाल पूररेषाही याच प्रमाणाच्या पुराची असते. या नावामुळे एक गैरसमज होतो. असा पूर एकदा आला म्हणजे पुढची शंभर वर्षे सुटका झाली, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात एक टक्क्याची ती शक्यता दर वर्षी नव्याने उभी राहते. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात अशा पट्ट्यातल्या घराला एकदा तरी हा पूर गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारात एक आहे.

विमा कार्यक्रमात राहण्यासाठी नगराला काही किमान नियम पाळावे लागतात. जास्त धोक्याच्या पट्ट्यात परवान्याशिवाय बांधकाम होऊ द्यायचे नाही. नव्या घराचा सर्वात खालचा मजला एक टक्क्याच्या पुराच्या पाणीपातळीइतका तरी उंच हवा. नदीच्या मुख्य प्रवाहमार्गात पाण्याला अडथळा होईल असे काही उभारायचे नाही. जुन्या घराच्या दुरुस्तीचा किंवा वाढीचा खर्च त्याच्या बाजारमूल्याच्या निम्म्यावर गेला, तर ते घर नव्या घरासारखे सगळे नियम पाळून उंचावर आणायचे. ‘पन्नास टक्क्यांचा नियम’ म्हणून ओळखला जाणारा हा शेवटचा नियम सर्वात कठीण जातो, कारण तो नेमका पुरानंतर, माणसे खचलेली असताना लागू करावा लागतो.

हे नियम किमान आहेत आणि त्यांच्यात उणिवा आहेत. नकाशा जुना असू शकतो. वरच्या अंगाला वस्ती वाढली, काँक्रीट आणि डांबर पसरले की पाणी जमिनीत मुरत नाही. ते झपाट्याने ओढ्यात येते आणि नकाशावरची पातळी ओलांडते. फेमाच्या अलीकडच्या आकडेवारीनुसार विम्याचे सुमारे ४० टक्के दावे जास्त धोक्याच्या पट्ट्याबाहेरून आले आहेत. अनेक नगरे ही उणीव ओळखून किमानाच्या पुढे जात होती, पण त्यांच्या रहिवाशांना आळशी नगरातल्या रहिवाशांइतकाच हप्ता पडत होता. ही विसंगती दूर करण्यासाठी सीआरएस आली. १९९४ च्या सुधारणा कायद्याने तिला कायद्याचा आधार मिळाला.

गुण, श्रेणी आणि सवलत

सीआरएसमध्ये भाग घेणे ऐच्छिक आहे आणि त्यासाठी नगराला शुल्क पडत नाही. एकंदर दहा श्रेणी आहेत. भाग न घेणारे नगर दहाव्या श्रेणीत धरले जाते आणि त्याला सवलत नसते. पूरमैदानाच्या कामासाठी ५०० गुण मिळाले की नगर नवव्या श्रेणीत येते आणि रहिवाशांना ५ टक्के सवलत मिळते. पुढे प्रत्येक ५०० गुणांमागे एक श्रेणी वर आणि सवलतीत ५ टक्क्यांची भर, असा हिशेब आहे. पाचव्या श्रेणीला २५ टक्के, तर ४,५०० गुण मिळवून पहिल्या श्रेणीत पोहोचलेल्या नगराला ४५ टक्के सवलत मिळते.

गुणांखेरीज काही अटीही आहेत. नवव्या श्रेणीसाठीसुद्धा नगराने किमान नियम नीट पाळलेले असावे लागतात आणि नव्या इमारतींच्या उंचीचे दाखले जपून ठेवावे लागतात. आठव्या श्रेणीसाठी जास्त धोक्याच्या पट्ट्यातले नवे घर पूरपातळीच्या किमान एक फूट वर बांधण्याचा नियम नगरात असावा लागतो. त्याहून वरच्या श्रेणींच्या अटी आणखी कडक आहेत.

गुण देणारी एकोणीस कामे ठरलेली आहेत आणि त्यांचे चार गट आहेत. पहिला गट लोकांना माहिती देण्याचा. घराच्या उंचीचा दाखला उपलब्ध ठेवणे, विचारणाऱ्याला नकाशा समजावून सांगणे, घर विकत घेणाऱ्याला पुराचा धोका आधी कळेल अशी व्यवस्था करणे, घरमालकाच्या जागेवर जाऊन सल्ला देणे, विमा घेण्यासाठी लोकांना प्रवृत्त करणे ही कामे त्यात येतात. दुसरा गट नकाशे आणि नियमांचा. फेमाच्या नकाशापेक्षा बारकाईने पाहणी करणे, मोकळी जमीन मोकळी ठेवणे, कडक बांधकाम नियम करणे, पावसाच्या पाण्याचे व्यवस्थापन करणे ही कामे त्यात आहेत. तिसरा गट आधीच धोक्यात असलेल्या इमारतींसाठी आहे. त्यात पूरनियोजनाचा आराखडा, घरे विकत घेऊन हटवणे, घरे उचलून उंच करणे आणि नाले साफ ठेवणे यांचा समावेश होतो. चौथा गट पुराची सूचना देणे आणि बांध व धरणांच्या सुरक्षिततेची काळजी घेणे यांचा.

या कामांना मिळणारे गुण सारखे नाहीत. माहितीपत्रके वाटणे आणि सभा घेणे यांसाठी जास्तीत जास्त साडेतीनशेच्या आसपास गुण आहेत. मोकळी जमीन राखणे किंवा बुडणारी घरे कायमची हटवणे यांसाठी मात्र दोन हजारांहून अधिक गुण मिळू शकतात. जे काम नुकसान खरोखर कमी करते त्याला जास्त गुण, असे योजनेचे सूत्र आहे. सुरुवात करणारे नगर बहुधा माहिती आणि नोंदींच्या कामांतून पहिली श्रेणीवाढ मिळवते. त्यापुढे चढायचे तर जमिनीला आणि इमारतींना हात घालावाच लागतो.

सर्वाधिक फळ देणारी कामे

टेक्सासमधले अभ्यासक सॅम्युअल ब्रॉडी आणि वेस्ली हायफील्ड यांनी सीआरएसमधल्या कामांचा आणि विम्याच्या दाव्यांचा संबंध तपासला आहे. त्यांच्या अभ्यासात तीन कामांचा परिणाम ठळक दिसला: घरे पूरपातळीच्या वर बांधणे, मोकळी जमीन राखणे आणि धोक्यातल्या इमारतींना संरक्षण देणे.

पूरपातळीच्या वर ठेवलेल्या जादा उंचीला तिथे फ्रीबोर्ड म्हणतात. नवे घर बांधतानाच जोते दोन-तीन फूट वर घेतले तर खर्चात थोडी वाढ होते. बांधून झालेले घर जॅक लावून उचलायचे तर खर्च कैक पटीने वाढतो. त्या दोन-तीन फुटांचे मोलही मोठे असते, कारण घराच्या नुकसानीत पहिल्या काही इंचांचा वाटा फार असतो. फरशी, जमिनीलगतच्या भिंती, वायरिंग आणि घर गरम ठेवणारी भट्टी हे सगळे खालीच असते. घरात शिरलेले एक इंच पाणीसुद्धा २५ हजार डॉलरपर्यंत नुकसान करू शकते, असे फेमा सांगते.

मोकळ्या जमिनीचे काम वेगळ्या प्रकारे होते. नदीकाठचे कुरण, पाणथळ जागा किंवा उद्यान पुराचे पाणी काही काळ पोटात घेते आणि हळूहळू सोडते. त्यामुळे खालच्या वस्तीत पाण्याची उंची कमी राहते. शिवाय जिथे इमारतच नाही तिथे नुकसान नाही, दावा नाही आणि जीव धोक्यात घालून कोणाला बाहेर काढण्याची वेळही येत नाही. म्हणूनच सीआरएसने आजवर बांधकाम न झालेल्या पूरमैदानाला इतके महत्त्व दिले आहे. नगराला नवे काही उभारावे लागत नाही, पण विकासकांचा दबाव वर्षानुवर्षे थोपवून धरावा लागतो.

वारंवार बुडणारी घरे विकत घेणे हे सर्वात महाग आणि मनाला सर्वात जड जाणारे काम आहे. उत्तर कॅरोलायनातल्या शार्लट शहराने आणि मेक्लेनबर्ग काउंटीने १९९९ पासून मालकांच्या संमतीने अशी घरे घेण्याचा कार्यक्रम चालवला आहे. त्यात चारशेहून अधिक इमारती हटल्या आणि त्यांच्या जागा ओढ्यांना परत मिळाल्या. याच काउंटीने आणखी एक दूरदृष्टीचे पाऊल उचलले. वरच्या अंगाची सगळी जमीन बांधकामाने व्यापली तर पूर किती चढेल, याचा अंदाज घेऊन तिने आपले नकाशे केले. त्यामुळे आज बांधले जाणारे घर पुढच्या पिढीच्या पुरालाही पुरेसे उंच राहते.

टल्सा आणि रोझव्हिल

ओक्लाहोमा राज्यातले टल्सा शहर हे या विषयातले सर्वात बोलके उदाहरण आहे. १९७० च्या आणि १९८० च्या दशकांत तिथे पंधरा वर्षांत नऊ वेळा संघराज्याला आपत्ती जाहीर करावी लागली. १९८४ च्या मे महिन्याअखेरीस, मेमोरियल डेच्या सुट्टीत, एका रात्रीच्या मुसळधार पावसाने १४ जणांचा बळी घेतला आणि सुमारे १८ कोटी डॉलरचे नुकसान केले. सर्वात जास्त फटका मिंगो ओढ्याच्या काठच्या वस्त्यांना बसला.

टेरी यंग यांनी महापौरपदाची सूत्रे हाती घेऊन तेव्हा काहीच दिवस झाले होते. त्यांच्या प्रशासनाने पूर ओसरताच बुडालेल्या जागांवरची पुनर्बांधणी थांबवली आणि सुमारे तीनशे घरे व एक मोठी फिरत्या घरांची वसाहत विकत घेण्याचे ठरवले. पावसाच्या पाण्यासाठी शहरात वेगळे खाते उघडले गेले. प्रत्येक मालमत्तेकडून त्यासाठी दरमहा छोटे शुल्क घेण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळे देखभालीला दर वर्षी खात्रीचा पैसा मिळू लागला. मिंगो ओढ्यालगत पावसाचे पाणी तात्पुरते साठवणारी खोलगट मैदाने तयार केली गेली. एरवी त्यांवर मुले खेळतात आणि पावसाच्या रात्री तीच तळी होतात. नवे बांधकाम करणाऱ्याने आपल्यामुळे शेजाऱ्याकडे जादा पाणी जाणार नाही हे दाखवून देणे बंधनकारक झाले. १९७० च्या दशकापासून टल्साने पूरमैदानातून एक हजाराच्या आसपास इमारती हटवल्या आहेत. २०२२ साली हे शहर सीआरएसच्या पहिल्या श्रेणीत पोहोचले.

त्याच्या आधी तिथवर पोहोचलेले पहिले नगर कॅलिफोर्नियातले रोझव्हिल. १९८६ आणि १९९५ साली तिथल्या ओढ्यांना आलेल्या पुरांमुळे शेकडो घरांत पाणी शिरले. त्यानंतर नगराने पूरसंरक्षणाची कामे केली, काही घरे उंच केली, ओढ्यांच्या पातळीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बसवली आणि ओढ्यांकाठची जमीन मोकळी राखली. २००६ साली रोझव्हिलला पहिली श्रेणी मिळाली.

दोन्ही नगरांत अनेक महापौर, अनेक अभियंते आणि अनेक निवडणुका आल्या-गेल्या, तरी काम थांबले नाही. टल्सात १९८४ पासून पहिल्या श्रेणीपर्यंत जवळजवळ चार दशके गेली.

हप्त्यात किती फरक पडतो

समजा, एका घराचा मूळ वार्षिक हप्ता १,२०० डॉलर आहे. त्याचे नगर आठव्या श्रेणीत असेल तर १० टक्के, म्हणजे १२० डॉलर वाचतील. पाचव्या श्रेणीत ३०० डॉलर आणि पहिल्या श्रेणीत ५४० डॉलर. अशी पाच हजार घरे असलेल्या पाचव्या श्रेणीच्या नगरात दर वर्षी पंधरा लाख डॉलर रहिवाशांच्या खिशात राहतात. पूरमैदानाचे काम पाहणाऱ्या एक-दोन कर्मचाऱ्यांच्या पगारापेक्षा ही रक्कम कितीतरी मोठी आहे. नगरसभेत या कामासाठी पैसा मागणाऱ्या अधिकाऱ्याला हा हिशेब फार उपयोगी पडतो.

सवलतीसाठी घरमालकाला अर्ज करावा लागत नाही. नगराची श्रेणी बदलली की हप्त्यात ती आपोआप धरली जाते. मात्र पावतीवरच्या सगळ्या रकमेला ती लागू होत नाही, कारण कायद्याने ठरवलेले काही अधिभार आणि शुल्क हप्त्याबरोबर वेगळे घेतले जातात. खासगी कंपन्यांच्या पूरविम्यालाही ही सवलत बंधनकारक नाही.

२०२१ च्या १ ऑक्टोबरपासून फेमाने हप्ता ठरवण्याची पद्धत बदलली. ‘रिस्क रेटिंग २.०’ हे तिचे नाव. पूर्वी घर नकाशावरच्या कोणत्या पट्ट्यात आहे यावर हप्ता बराचसा ठरत असे. आता प्रत्येक घराचा धोका स्वतंत्रपणे मोजला जातो. त्यात पाण्यापासूनचे अंतर, जमिनीची आणि मजल्याची उंची, निरनिराळ्या प्रकारच्या पुरांची शक्यता आणि पुनर्बांधणीचा खर्च धरतात. अनेक घरांचे हप्ते त्यामुळे वाढले, तरी बहुतेक राहत्या घरांसाठी वार्षिक वाढीवर १८ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे. सीआरएसच्या दृष्टीने यातला चांगला बदल म्हणजे सवलत आता जास्त धोक्याच्या पट्ट्यातल्या आणि त्याबाहेरच्या पॉलिसींना सारखीच मिळते. पूर्वी पट्ट्याबाहेरच्या घरांना ती कमी मिळत असे किंवा मिळतच नसे.

तपासणी आणि शिक्षा

एकदा मिळालेली श्रेणी कायमची नसते. नगराला दर वर्षी आपले काम चालू असल्याचे लेखी कळवावे लागते आणि ठरावीक वर्षांनी फेमाच्या वतीने सगळी कागदपत्रे तपासली जातात. नाले साफ केल्याच्या नोंदी नाहीत, उंचीचे दाखले चुकीचे आहेत, परवान्याशिवाय दुरुस्त्या झाल्या आहेत असे आढळले तर श्रेणी घसरते.

फ्लोरिडातल्या ली काउंटीत हे दिसून आले. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या इयन वादळाने तिथला किनारा उद्ध्वस्त केला. पुनर्बांधणीत पन्नास टक्क्यांचा नियम पाळला जात नाही आणि परवान्यांशिवाय कामे चालली आहेत, असे म्हणत फेमाने २०२४ च्या मार्च महिन्यात काउंटी आणि तिच्यातल्या काही नगरांची सवलत काढून घेण्याचे जाहीर केले. नगरांनी नोंदी सादर करून उणिवा दूर केल्यावर बहुतेकांची सवलत टिकली. फोर्ट मायर्स बीच या गावाची २५ टक्के सवलत मात्र त्याच वर्षी गेली. घर पडलेल्या माणसाला नियम दाखवणे कोणत्याही पालिकेला नकोसे वाटते. पण तेच घर पुन्हा त्याच उंचीवर उभे राहिले तर पुढच्या वादळात ते पुन्हा पडते आणि त्याचा भार सगळ्या विमाधारकांवर येतो.

योजनेच्या मर्यादा

कार्यक्रमातल्या बावीस हजारांहून अधिक नगरांपैकी सुमारे दीड हजार नगरेच सीआरएसमध्ये आहेत. देशातल्या पॉलिसींपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास त्यांच्या हद्दीत येतात, कारण भाग घेणारी नगरे मोठी आणि किनाऱ्यालगतची आहेत. लहान गावांना शुल्क पडत नसले तरी नोंदी ठेवायला माणूस लागतो आणि तो त्यांच्याकडे नसतो. ज्या गावात वीस-तीसच पॉलिसी आहेत तिथे सवलतीची एकूण रक्कम कर्मचाऱ्याच्या पगारालाही पुरत नाही. परिणामी गरीब आणि ग्रामीण भाग मागे राहतात, आणि अनेकदा पुराचा जोर तिथेच जास्त असतो.

दुसरी मर्यादा पैशांच्या हिशेबात आहे. सीआरएसच्या सवलतीचा भार कार्यक्रमाच्या एकूण दरांत समाविष्ट केलेला असतो. त्यामुळे सवलत न मिळणाऱ्या नगरांतले विमाधारक तिचा काही वाटा उचलतात. कतरिना आणि त्यानंतरच्या वादळांमुळे हा विमा कार्यक्रम सरकारी तिजोरीचा ऋणको आहे. २०१७ साली संसदेने १६ अब्ज डॉलरचे कर्ज माफ केले, तरी २० अब्ज डॉलरहून अधिक शिल्लक राहिले. अशा स्थितीत सवलत टिकायची तर तिच्यामागे खरोखर कमी झालेले नुकसान असले पाहिजे. गुणांच्या यादीतली सोपी कामे करून सवलत मिळवणारी आणि कठीण कामे टाळणारी नगरे या कसोटीवर कमी पडतात.

रहिवाशांच्या हातात काय आहे

आपले नगर सीआरएसमध्ये आहे का आणि कोणत्या श्रेणीत आहे, हे रहिवाशाला नगराच्या पूरमैदान अधिकाऱ्याकडून किंवा विमा एजंटाकडून कळू शकते. फेमाही ही यादी प्रसिद्ध करते. सहभागी नगरात सीआरएसचे काम पाहणारा एक समन्वयक नेमलेला असतो. पुढच्या श्रेणीसाठी किती गुण कमी पडतात आणि कोणते काम केले तर ते मिळतील, हे रहिवाशांनी त्याला विचारावे. अनेक नगरांत असे आढळते की कामे आधीपासून चालू असतात, फक्त त्यांची नोंद होत नसते.

स्वतःच्या घरापुरतेही बरेच करता येते. तळघरातली भट्टी आणि विजेचे फलक वर हलवणे, पाणी आत-बाहेर होऊन भिंतींवरचा दाब कमी करणाऱ्या झडपा बसवणे, जोते उंच करणे यांची हप्ता ठरवताना दखल घेतली जाते. जास्त धोक्याच्या पट्ट्यातल्या घराचे पुराने मोठे नुकसान झाले तर ते नियमांनुसार उंच करण्यासाठी किंवा हटवण्यासाठी पॉलिसीतून ३० हजार डॉलरपर्यंत जादा रक्कम मिळू शकते. नव्या पॉलिसीला साधारणपणे ३० दिवसांची प्रतीक्षा असते, म्हणून वादळाची बातमी आल्यावर विमा घेऊन उपयोग होत नाही.

अमेरिकेत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी शाळा, प्रवासाचे अंतर आणि किंमत यांच्याबरोबर नगराची सीआरएस श्रेणीही पाहावी. एकाच नदीच्या दोन काठांवरच्या दोन नगरांत तिच्यामुळे तीस वर्षांच्या हप्त्यांत हजारो डॉलरचा फरक पडू शकतो. चांगली श्रेणी म्हणजे नगर धोका ओळखून काम करते याचा पुरावा असतो.

पालिकेच्या कामगिरीवर घरविम्यात सवलत देणारी अशी योजना भारतात नाही. सीआरएसच्या तीन दशकांहून अधिक काळाच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष मात्र कुठल्याही नदीकाठच्या नगराला लागू पडतो. पुराचे नुकसान कमी करणारी कामे फार थोडी आणि सर्वांना ठाऊक असलेली आहेत: पूररेषेच्या आत बांधू न देणे, बांधायचेच तर उंच बांधणे, मोकळी जमीन मोकळी ठेवणे, नाले साफ ठेवणे आणि वेळेत सूचना देणे. ती सातत्याने करणाऱ्या नगरात हप्ता कमी होतो, कारण तिथे पाण्याच्या वाटेत घरे कमी उरतात.